न आलेल्या रुग्णाचा डॉक्टर

नाशिकमधल्या एका शहरी आरोग्य केंद्रात नुकत्याच रुजू झालेल्या डॉक्टरांनी मला प्रश्न विचारला आहे. तो थोडक्यात असा: "साथी रोखायच्या म्हणून या नोकरीत आलो. पण सकाळ सगळी सर्दी-खोकला, शुगर-बीपीच्या गोळ्या आणि दाखल्यांत जाते. वरिष्ठ म्हणतात, ओपीडी खासगीवाले बघतील, तुम्ही डास, पाणी आणि लसीकरण बघा. स्थानिक पुढारी म्हणतात, इथे पन्नास खाटांचं हॉस्पिटल उभं करा. एकेका माणसाला तपासून औषध देणं हे सार्वजनिक आरोग्य विभागाचं काम आहे का? असेल, तर कुठपर्यंत?"

डॉक्टर, माझं उत्तर 'हो' असं आहे. पण त्यामागचं कारण तुमचे वरिष्ठ लक्षात घेत नाहीत, आणि पुढारी मागतात तेवढं सगळंही नाही. मी तीस वर्षांहून जास्त काळ या जिल्ह्यात काढला. आधी सुरगाणा तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, मग दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात आणि शेवटची वर्षं शहरात. हा प्रश्न मलाही पहिल्याच वर्षी पडला होता. त्याचं उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही, एका रुग्णामुळे सापडलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिशी-पस्तिशीचा एक माणूस, थुंकीत क्षयाचे जंतू. दोन महिने गोळ्या नेमाने घेतल्या, खोकला थांबला, अंगावर मांस चढलं. दसऱ्यानंतर पाड्यावरची निम्मी माणसं द्राक्षबागांच्या छाटणीला निफाडकडे जातात, तसा तोही बायको-मुलीला घेऊन गेला. गोळ्या बंद. तिकडे पुन्हा खोकला सुरू झाला तेव्हा जवळच्या खासगी दवाखान्यात त्याने इंजेक्शन घेतलं, खोकल्याची बाटली घेतली. त्या डॉक्टरला मी आजही दोष देत नाही. त्याच्यासमोर एक मजूर आला, त्याने सांगितलं तेवढं ऐकून त्याने औषध दिलं, माणूस पुढच्या बागेत निघून गेला. हा कोण, कुठला, आधी काय घेत होता आणि परत का आला नाही, हे शोधणं त्याचं काम नव्हतं. ते माझं होतं. माझ्या नोंदवहीत त्या माणसाच्या नावापुढे पाच महिने रिकामे रकाने होते आणि मी ते पाहिलेही नव्हते. शिमग्याला तो परत आला तेव्हा थुंकीतून रक्त पडत होतं, आणि चार वर्षांच्या मुलीच्या मानेला गाठी आल्या होत्या.

थुंकीत जंतू असलेला रुग्ण उपचाराविना राहिला तर वर्षभरात साधारण दहा ते पंधरा जणांना संसर्ग देतो, हे मला तोंडपाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. पण ती मुलगी त्या दहा-पंधरांतली एक आहे, हे त्या दिवशी कळलं. खासगी डॉक्टर आलेल्या रुग्णाचा डॉक्टर असतो. आरोग्य विभागाचा डॉक्टर न आलेल्या रुग्णाचाही डॉक्टर असतो. आदिवासी भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्रामागे वीस हजार लोकसंख्या धरतात, सपाटीवर तीस हजार, आणि तुमच्यासारख्या शहरी केंद्रामागे सुमारे पन्नास हजार. तुमच्या दारात रोज दीडशे माणसं येत असतील. उरलेले सगळे तुमचेच आहेत.

त्यानंतर आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. छाटणीला निघण्याआधी रुग्णाकडून मुकादमाचं नाव आणि कोणत्या गावी, कोणत्या बागायतदाराकडे जाणार ते लिहून घ्यायचं, पुरेशा गोळ्या बरोबर द्यायच्या आणि त्या भागातल्या केंद्राला चिठ्ठी पाठवायची. मोबाइल नव्हते. चिठ्ठी कधी पोहोचायची, कधी नाही. पण आरोग्य सेवक बाजाराच्या दिवशी मुकादमाला गाठायचा. पुढच्या हंगामात गळालेले रुग्ण कमी झाले. आता क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, म्हणजे निक्षय पोर्टलवर, रुग्णाचं नाव एका केंद्राकडून दुसऱ्याकडे वर्ग करता येतं. तरी तो नेमका कोणत्या बागेत आहे हे अजूनही कोणीतरी विचारावंच लागतं.

क्षयरोगावर मी जरा जास्त लिहिते आहे, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर या एका आजाराच्या इतिहासात जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे दिसत नाही. देवळालीची सॅनिटोरियम नाशिककराला सांगायला नकोत. कोरडी हवा, विश्रांती, सकस जेवण. ज्याला परवडेल त्याने तिथे महिनोन् महिने राहायचं. गरिबाला ते शक्य नव्हतं. १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झालं आणि तिथे डॉ. वॉलेस फॉक्स यांच्या चमूने एक धाडसी तुलना केली: निम्मे रुग्ण सॅनिटोरियममध्ये आणि निम्मे त्यांच्या दाटीवाटीच्या घरी, औषधं दोघांना तीच. १९५९ मध्ये निष्कर्ष छापून आले. घरी राहिलेले जवळपास तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना संसर्गही जास्त झाला नाही. जगभर सॅनिटोरियम बंद होण्यामागे हे एक मोठं कारण ठरलं. पण त्याच संशोधकांनी दुसरी गोष्टही सांगितली. घरी उपचार द्यायचे तर औषध पोटात जातं की नाही हे कोणीतरी पाहिलं पाहिजे. म्हणजे खाटेची गरज संपली आणि पाठपुराव्याची गरज सुरू झाली. ते काम कोणतंही हॉस्पिटल करू शकत नाही, ते आरोग्य विभागालाच करावं लागतं.

हा धडा न्यूयॉर्क शहराने महागात घेतला. तिथे सत्तरच्या दशकात क्षय संपत आला असं वाटून आरोग्य विभागाचे दवाखाने आणि घरभेटींचा पैसा कापला गेला. १९८८ मध्ये हार्लेममधल्या एका हॉस्पिटलमधून क्षयाचे उपचार सुरू करून घरी सोडलेल्या रुग्णांचा अभ्यास झाला. त्यातले ८९ टक्के गळाले, उपचार पूर्ण केलेच नाहीत. हॉस्पिटलने आपलं काम चोख केलं होतं. घरी गेलेल्या माणसाचं पुढे काय, हे पाहणारं कोणी उरलं नव्हतं. १९९२ मध्ये त्या शहरात ३ हजार ८११ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतल्या अनेकांना औषधांना दाद न देणारा क्षय होता. मग शहराच्या आरोग्य विभागाने माणसं नेमली. ती रुग्णाच्या घरी, कामावर, अगदी रस्त्यावरच्या बाकावर जाऊन समोर गोळी द्यायची. संख्या वर्षागणिक उतरत गेली. ते काम पाहणारे डॉ. टॉम फ्रीडन पुढे भारतात येऊन आपल्या सुधारित क्षयरोग कार्यक्रमात राबले. समोर गोळी देण्याच्या ज्या पद्धतीला आपण 'डॉट्स' म्हणतो, ती अशी मद्रासहून जगभर फिरून आपल्याकडे परत आली.

आता तुमच्या वरिष्ठांच्या म्हणण्याकडे वळते. तो विचार उगाच आलेला नाही, त्यालाही बैठक आहे. अमेरिकेत १९८८ मध्ये तिथल्या वैद्यक संस्थेचा सार्वजनिक आरोग्याच्या भवितव्यावरचा अहवाल आला. आरोग्य विभागाची कामं त्याने तीन शब्दांत मांडली: परिस्थिती मोजणं, धोरण ठरवणं आणि सेवा मिळेल याची हमी घेणं. त्यातली चिंता अशी होती की गरिबांचे दवाखाने चालवताना विभागांचा पैसा आणि माणसं तिथेच संपतात आणि साथी, पाणी, अन्न यांच्याकडे लक्ष राहत नाही. ही चिंता खरी आहे, मी ती जगले आहे, पुढे सांगते. पण तिसरा शब्द 'हमी' आहे हे लोक विसरतात. पुढे १९९४ मध्ये त्या तीन कामांवरून दहा आवश्यक सेवांची यादी केली गेली, तिच्यातही स्पष्ट म्हटलं होतं की लोकांना वैयक्तिक उपचारांपर्यंत पोहोचवणं आणि जिथे ते मिळत नाहीत तिथे ते मिळतील अशी तजवीज करणं हे आरोग्य विभागाचं काम आहे. आपल्याकडे बैठकीत या विचाराचा पहिला अर्धा भागच सांगितला जातो.

आणि आपल्या व्यवस्थेचा पाया तर अगदी वेगळाच घातलेला आहे. ज्यांच्या समितीने १९४६ मध्ये भारताच्या आरोग्यसेवेचा आराखडा दिला ते सर जोसेफ भोर १८७८ साली नाशिकला जन्मले, हे आपल्या शहरात फार कमी लोकांना माहीत आहे. प्रतिबंध आणि उपचार एकाच छताखाली, एकाच माणसांकडून द्यायचे, आणि पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहता कामा नये, ही त्या अहवालाची मूळ भूमिका. लस देणारा विभाग वेगळा आणि औषध देणारा वेगळा ही इंग्रजी अमदानीतली रचना त्यांना मोडायची होती. पुढे १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रं उभी राहिली ती याच कल्पनेवर. राज्यघटनेत राज्यांच्या यादीतली सहावी नोंद पाहा. सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता, रुग्णालयं आणि दवाखाने हे सगळं एकाच नोंदीत आहे.

एक गंमत मात्र आहे. गावांसाठीच्या अकराव्या अनुसूचीत आरोग्य आणि स्वच्छता लिहिताना 'रुग्णालयं, प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि दवाखाने यांसह' असं लिहिलं आहे. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि घनकचरा एवढंच आहे, दवाखान्याचं नाव नाही. शहरात डॉक्टर भरपूर असतात असं गृहीत धरलं गेलं असावं, असं मला वाटतं. शहरी आरोग्य केंद्रांसाठी राष्ट्रीय अभियान २०१३ मध्ये आलं, ग्रामीण अभियानानंतर आठ वर्षांनी. तुमचं केंद्र भाड्याच्या दोन खोल्यांत का आहे, याचं मूळ तिथपर्यंत जातं.

शहरात डॉक्टर भरपूर आहेत हे खरंच. कॉलेज रोडपासून मुंबई नाक्यापर्यंत पाट्याच पाट्या. मग तुमची ओपीडी कशासाठी?

कुत्रा चावल्याचं उदाहरण घ्या. रेबीज झाला की माणूस वाचत नाही, आणि वेळेत लस मिळाली तर जवळजवळ कोणीच मरत नाही. ही लस कातडीत देता येते. दोन जागी ०.१ मिलीलिटर, पहिल्या दिवशी (तो शून्य धरायचा), मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. स्नायूत द्यायची तर प्रत्येक वेळी आख्खी कुपी लागते. कातडीतून दिली तर एका कुपीत तीन-चार जण होतात. पण फोडलेली कुपी काही तासांतच वापरावी लागते. म्हणजे ही बचत तिथेच होते जिथे एकाच दिवशी चावा झालेले अनेक जण येतात. एकट्या खासगी दवाखान्याला ते जमणं अवघड आहे, तुमच्या ओपीडीला सहज जमतं. शिवाय खोल जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं औषध, भरावं लागतं, ते महाग असतं आणि सगळीकडे मिळत नाही. तिसऱ्या डोसला जो आला नाही त्याला फोन करणं, पत्त्यावर आशाताईला पाठवणं, हेही तुम्हीच करणार. हा वैयक्तिक उपचार आहे की सार्वजनिक आरोग्य? मला तर ही रेघ ओढता येत नाही.

सुरगाण्यात हाच प्रश्न सापाच्या रूपाने यायचा. भात लावणीच्या दिवसांत, रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावायचा. चाव्याची खूण दिसत नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात. आपल्याकडची सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर एकत्र चालते, आणि ती चावल्यापासून किती तासांत मिळते यावर माणसाचं आयुष्य ठरतं. तिथे खासगी दवाखाना शोधायला लोक कुठे जाणार? नाशिकची वाट घाटाची. १०८ ची गाडी महाराष्ट्रात २०१४ मध्ये आली, त्याआधी जीप मिळाली तर मिळाली. अशा ठिकाणी 'उपचार हे आपलं काम नाही' असं म्हणणारा आरोग्य अधिकारी मला एका रात्रीपुरता तिथे बसवून पाहायचा आहे.

आता शुगर-बीपीच्या गोळ्या, ज्यांचा तुम्हाला कंटाळा आला आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा हवाला तुमचे वरिष्ठ देत असतील. योजना चांगली आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण ती भरती होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यात कंत्राटावर असलेल्या पन्नाशीच्या माणसाची रोजची बीपीची गोळी तिच्यात येत नाही. कर्मचारी राज्य विमा महामंडळाचं (ईएसआयसी) कार्ड असलेल्याला सातपूरला त्यांचं रुग्णालय आहे. ज्याचं कार्डच निघालेलं नाही तो तुमच्याकडे येतो. त्याची गोळी चुकली, अर्धांगवायूचा झटका आला, की मग योजना त्याच्या मदतीला येते. तोवर घरातला कमावता हात गेलेला असतो. महिन्याची गोळी हातात देणं आणि पुढच्या महिन्यात तो आला का हे पाहणं, हे क्षयरोगाच्या गोळीसारखंच काम आहे. हा आजार संसर्गाने पसरत नाही एवढाच फरक. आपल्या खात्याची पाठपुराव्याची सवय पन्नास वर्षांची आहे आणि ती या आजारांना लावायला आपण फार उशीर केला, असं माझं ठाम मत आहे. संध्याकाळची ओपीडी ठेवा. सकाळी नऊ ते एक उघडं असणारं केंद्र कारखान्यातल्या माणसासाठी बंदच असतं.

ओपीडीचा दुसरा उपयोग कुणी मोजत नाही. केसपेपर हे तुमचे डोळे आहेत. मी हे अपयशातून शिकले. सुरगाण्यातलं माझं तिसरं वर्ष. ओपीडी दीडशेवर गेली होती आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. पाड्यांच्या भेटी कमी केल्या, विहिरींमध्ये पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर पडते का हे पाहणं आरोग्य सेवकावर सोडलं, पाण्यातल्या क्लोरिनची तपासणी (ओटी टेस्ट) कागदावरच होऊ लागली. जुलैत जुलाब-उलट्यांचे रुग्ण यायला लागले. पहिल्या दिवशी तीन, दुसऱ्या दिवशी सात. मी सलाईन लावत राहिले, रात्री बारापर्यंत जागले, स्वतःला फार कर्तव्यदक्ष समजले. तिसऱ्या दिवशी आमच्या सिस्टरने केसपेपरांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, गाव बघा." दोन कागद सोडले तर सगळ्यांवर एकाच पाड्याचं नाव. एकच विहीर, पावसाचं पाणी वरून थेट आत जात होतं. आम्ही दुपारी जाऊन विहीर शुद्ध केली, घराघरांत ओआरएस दिलं आणि आठवडाभरात साथ ओसरली. पण आम्ही पोहोचण्याआधी एक म्हातारी घरीच दगावली होती. तिला केंद्रापर्यंत आणायला घरात धडधाकट कोणी उरलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी 'फक्त ओपीडी' आणि 'फक्त फील्ड' म्हणणाऱ्या दोन्ही बाजूंचं ऐकणं सोडलं. ओपीडी फील्डचं काम गिळते हे खरं, माझ्याकडे तिने गिळलं. पण ओपीडी नसती तर त्या पाड्याची बातमी मला कदाचित महिनाअखेरच्या अहवालात मिळाली असती. चूक रुग्ण तपासण्यात नव्हती. कागद न वाचण्यात होती.

शहरात हे जास्त लागू पडतं. डेंग्यूचा डास घराजवळच्या स्वच्छ पाण्यात वाढतो, फार लांब उडत नाही, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणजे एका गल्लीतले तीन तापाचे रुग्ण तुमच्या रजिस्टरमध्ये सोमवारी दिसले, तर त्याच आठवड्यात पिंप, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे टायर रिकामे करून पुढची पिढी तोडता येते. खासगी लॅबच्या कार्ड टेस्टचा आकडा तुमच्यापर्यंत पोहोचेपर्यंत डासांची पुढची पिढी बाहेर पडलेली असते. ज्या विभागाची स्वतःची ओपीडी नाही, तो दुसऱ्यांनी कळवण्याची वाट पाहत बसतो.

आणि दार उघडण्याचा प्रश्न आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडीबरोबर आपल्या जिल्ह्यात मालेगावातही गोवराचा उद्रेक झाला. लस नऊ महिन्यांनी आणि सोळा महिन्यांनी, फुकट, घराजवळ. तरी अशा वस्त्यांत मुलं राहून जातात. का? मी एका वस्तीत एका आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही सुई घेऊनच येता. पोरगं तापाने फणफणलं होतं तेव्हा कोणी आलं नाही." तिचं काय चुकलं? पुढे आम्ही त्या वस्तीत आठवड्यातून एक दुपार साधी ओपीडी ठेवली: ताप, खरूज, कानदुखी, बाळंतिणीची तपासणी. गोवर निघालेल्या मुलांना अ जीवनसत्त्वाचे दोन डोस दिले. त्याने गुंतागुंत आणि मृत्यू कमी होतात, हे आईला समजावून सांगितलं. तीन-चार महिन्यांत लसीला नकार देणारी घरं निम्म्यावर आली. मी तिथे लसीकरणावर एकही भाषण केलं नव्हतं.

आता पन्नास खाटांचं हॉस्पिटल. इथे मी तुमच्या पुढाऱ्यांच्या विरोधात आहे. इमारत दिसते, फीत कापता येते, फोटो निघतो. मग भूलतज्ज्ञ मिळत नाही, क्ष-किरण तंत्रज्ञाची जागा रिकामी राहते, आणि भरती झालेल्याला रात्री 'सिव्हिलला न्या' म्हणून चिठ्ठी मिळते. नाशिकमध्ये जिल्हा रुग्णालय आहे, हृदय-मूत्रपिंड-कर्करोगासाठी शालिमारचं संदर्भ सेवा रुग्णालय आहे, महापालिकेची डॉ. झाकीर हुसेन आणि बिटको ही रुग्णालयं आहेत. आणखी एक अर्धवट हॉस्पिटल हवं, की आहे त्या केंद्रात रोज डॉक्टर, बारा महिने गोळ्या, थुंकी आणि रक्त तपासणारा तंत्रज्ञ आणि आशा आणि एएनएम (आरोग्य सेविका) यांच्या भरलेल्या जागा हव्यात? मी दुसरं मागेन. खाटांची गरज असेल तिथे आहे त्या रुग्णालयांना माणसं द्यावीत.

या शहरात आणि जिल्ह्यात खरी अडचण वेगळीच आहे, ती म्हणजे मालक अनेक. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण रुग्णालय आणि सिव्हिल जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. शहरात महापालिका, मालेगावात तिथली महापालिका, देवळालीत कॅन्टोन्मेंट. सुरगाण्याची गरोदर बाई सातव्या महिन्यात नवऱ्याबरोबर पंचवटीत बांधकामावर येते, तेव्हा ती एका मालकाच्या नोंदवहीतून पुसली जाते आणि दुसऱ्याच्या वहीत चढत नाही. तिचं हिमोग्लोबिन सात, म्हणजे फारच कमी, होतं हे पेठ-सुरगाण्याकडच्या कुठल्या तरी रजिस्टरमध्ये लिहिलेलं असतं, आणि बाळंतपण नाशिकमध्ये रात्री दोनला होतं. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. फार चांगलं झालं, केसपेपरच्या पैशांसाठी मागे फिरणारी माणसं मी पाहिली आहेत. पण त्या बाईला पैसे लागत नव्हते. तिला कोणीतरी 'ही आमची' म्हणणारं लागत होतं.

तुम्ही कुठपर्यंत असं विचारलंत. मी स्वतः तीन गोष्टी बघत असे. या माणसावर उपचार झाले नाहीत तर दुसऱ्याला धोका आहे का? तुम्ही दिलं नाही तर त्याला हे दुसरीकडे परवडेल अशा रीतीने मिळणार आहे का? आणि हे महिनोन् महिने चालणारं, मध्येच सुटणारं काम आहे का? तिन्हींना 'नाही' असेल तर निश्चिंत मनाने पुढे पाठवा. गुडघा बदलणं, मोतीबिंदू, पित्ताशयाचे खडे यांच्यासाठी योजना आहे, रुग्णालयं आहेत. पण पाठवाल तेव्हा नुसती चिठ्ठी देऊ नका. तो पोहोचला का, काय झालं, हे आठवड्याने विचारा. तेही तुमचंच काम आहे, 'हमी' या शब्दात ते येतं. फिटनेसचे दाखले मात्र आठवड्यातून एका ठराविक वेळी ठेवा, तुमचे वरिष्ठ त्याला हरकत घेणार नाहीत.

खासगी डॉक्टरांशी भांडू नका. क्षयाचा प्रत्येक रुग्ण कळवणं २०१२ पासून त्यांनाही बंधनकारक आहे, पण पत्राने ते होत नाही. तुमच्या भागातल्या दहा-बारा दवाखान्यांत एकेकदा स्वतः जा, चहा घ्या, तुमचा नंबर द्या. त्यांच्या रुग्णाच्या थुंकीची तपासणी, मोफत औषधं आणि रुग्णाच्या सकस आहारासाठीचे निक्षय पोषण योजनेचे पैसे तुमच्याकडून मिळतात हे सांगा. ही रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला पाचशेची हजार झाली आहे, ते बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. रुग्ण त्यांच्याकडेच राहू द्या. घरच्यांची तपासणी आणि पाठपुरावा तुम्ही घ्या.

येत्या शनिवारी एक करा. ओपीडी बाराला आटोपती घ्या आणि शुगर-बीपीचं व क्षयाचं रजिस्टर घेऊन बसा. गेल्या दोन महिन्यांत जे आले नाहीत त्यांची नावं एका कागदावर उतरवा. दुपारी आशाताईंना बरोबर घेऊन निघा, बीपीचं मशीन आणि महिनाभराच्या गोळ्या पिशवीत ठेवा. पहिल्या दिवशी सात-आठ घरं होतील. दोन-तीन घरांना कुलूप असेल. तिथे शेजारी विचारा, कुठे गेले, कधी येणार आणि कोणाबरोबर गेले, आणि ते त्याच रकान्यात लिहून ठेवा.